महायुद्धातली कालवा कंपनी: पाणी, माणसं आणि टोलची वही

तुमचे प्रश्न चार आहेत. दोन्ही महायुद्धांत इंग्लंडमधल्या छोट्या, स्थानिक कालवा कंपन्या चालल्या कशा? सरकारने त्यांना हात दिला का? बॉम्ब पडून कालवा फुटू नये म्हणून काय करत? आणि बायकांनी मालाच्या बोटी चालवल्या हे खरं आहे का?

मी मूळचा बारामतीकडचा. वडील नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. मी गेली २६ वर्षं बर्मिंगहॅमच्या आसपास कालव्यांच्या देखभालीचं काम करतो. म्हणजे मी इतिहासकार नाही. भराव, दारं, गळती हा माझा रोजचा विषय, आणि उत्तरही मी त्याच अंगाने देणार आहे.

आधी एक फरक समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाटेल. आपला कालवा पाणी देण्यासाठी असतो. पाळी सुटली की पाणी वाहत जातं, शेतात मुरतं, काम झालं. इथला कालवा पाणी धरून ठेवण्यासाठी असतो. तो वाहत नाही, उभा असतो. त्यातून बोटी जातात, चढ-उतार लॉकमधून (म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यातलं पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेतात) करतात, आणि दर खेपेला अरुंद लॉकमधून सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी खालच्या टप्प्यात जातं. तेवढं वरून तलावातून किंवा पंपाने भरून काढायचं. म्हणून शांततेच्या काळातही कंपनीचा मुख्य माणूस हिशेबनीस नसतो, पाण्याची पातळी पाहणारा असतो.

दुसरी गोष्ट, बहुतेक कंपन्यांची मुख्य कमाई टोलची होती. कालवा कंपनीचा, बोटी वाहतूकदारांच्या. किती टन, किती मैल, त्यावर टोल. रस्ता एकाचा आणि गाड्या दुसऱ्याच्या असाव्यात, तसं. त्यामुळे माल घटला की उत्पन्न घटतं, पण खर्च तसूभरही घटत नाही. दहा बोटी जावोत की शंभर, भराव तेवढाच लांब असतो आणि लॉकची दारं तेवढीच कुजतात.

आता पैशाचं. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या आणि त्यांना १९१३ सालाइतक्या निव्वळ उत्पन्नाची हमी दिली. कालव्यांपैकी ढोबळ एक तृतीयांश लांबी रेल्वे कंपन्यांच्या मालकीची होती, ती आपोआप या छत्राखाली आली. स्वतंत्र कालवा कंपन्या बाहेर राहिल्या. इथे खरा घात झाला. हमी असल्यामुळे रेल्वेला दर वाढवण्याची गरज नव्हती. इकडे कालव्यावर चारा, लोखंड, लाकूड, मजुरी सगळं महागलं, आणि टोलची कमाल मर्यादा कायद्याने बांधलेली. व्यापारी माल स्वस्त रेल्वेकडे नेऊ लागले. रेल्वेवर सैन्याच्या गाड्यांची तुंबळ गर्दी, आणि शेजारच्या कालव्यात पाणी नुसतं उभं, असं चित्र झालं. स्वतंत्र कालवे सरकारी नियंत्रणाखाली आणि हमीखाली यायला १ मार्च १९१७ उजाडला. अडीच वर्षं! तोवर माल गेला होता आणि माणसंही गेली होती. नियंत्रण १९२० च्या ऑगस्टअखेर संपलं. त्यानंतर वर्षभरातच श्रॉपशायर युनियनने स्वतःच्या बोटींची वाहतूक बंद केली. ती तर रेल्वेच्या पंखाखालची कंपनी होती.

मला राग येतो तो याचा, की दुसऱ्या युद्धात हीच चूक जवळपास जशीच्या तशी झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये रेल्वे ताब्यात, त्यांच्याबरोबर त्यांचे कालवे. स्वतंत्र कंपन्या पुन्हा बाहेर. १९४० मध्ये टोलसाठी अनुदान आलं. १९४१ मध्ये लंडनच्या वाहतूक मंडळाचे माजी प्रमुख फ्रँक पिक यांना कालव्यांची पाहणी करायला सांगितलं. त्यांनी केली, आणि त्याच नोव्हेंबरात ते वारले. प्रमुख कालवे आणि बोटवाले सरकारी नियंत्रणाखाली आले १९४२ मध्ये. म्हणजे या वेळीही जवळजवळ तीन वर्षं. एकदा ठेच लागलेली असताना हे व्हायला नको होतं.

बर्मिंगहॅमची गत मधलीच होती. बर्मिंगहॅम कॅनाल नॅव्हिगेशन्स ही कंपनी नावाने वेगळी, पण १८४६ पासून तिच्या लाभांशाला रेल्वेची हमी होती आणि त्या बदल्यात लगाम रेल्वेच्या हाती गेला होता. गंमत अशी की तरीही तिच्या कालव्यांवर माल भरपूर होता, कारण कारखाने थेट पाण्याला लागून होते आणि रेल्वेच्या माल-धक्क्यापर्यंतचा छोटा पल्ला बोटीच मारत. कोळसा, राख, लोखंड. हे अंतर मैल-दोन मैलांचं, पण ते थांबलं तर भट्टी थांबते. स्थानिक कालव्याची ताकद अशा तोकड्या पल्ल्यात असते, आणि राष्ट्रीय आकडेवारीत नेमकी तीच दिसत नाही.

मोठ्या पल्ल्याची कथा निराळी. ग्रँड युनियन कंपनी लंडन ते बर्मिंगहॅम मार्ग सांभाळायची. १३७ मैल आणि १६६ लॉक. १९३० च्या दशकात तिने नॅप्टन ते बर्मिंगहॅम अशी अरुंद लॉक बाजूला ठेवून ५१ रुंद लॉक बांधली, हॅटनची २१ लॉकची चढण त्यातलीच. तिची उपकंपनी बोटीही चालवायची. दीडशेहून जास्त जोड्या घेऊन ठेवल्या होत्या. जोडी म्हणजे पुढे इंजिनवाली आणि मागे तिला बांधलेली बिनइंजिनाची. दोन्ही ७० फुटांच्या आसपास लांब आणि फक्त ७ फूट रुंद, मिळून ५० टन माल. पेट्रोलचं रेशनिंग असताना त्या काळच्या दहा लॉऱ्यांचं काम एक जोडी करू शकत होती. मग बोटी रिकाम्या का बांधून पडल्या? एक, चालवायला माणसं नव्हती. दोन, १९४० च्या उन्हाळ्यानंतर मोठी जहाजं लंडनला येईनाशी झाली. ती पश्चिमेकडच्या मर्सी आणि क्लाइड नद्यांवरच्या बंदरांकडे वळवली. लॉरी उद्या लिव्हरपूलला पाठवता येते, कालवा उचलून नेता येत नाही. सेव्हर्न नदीवर मात्र तेलाच्या बार्जेसची ये-जा वाढली. म्हणून ‘युद्धात कालव्यांचं काय झालं’ याला एकच उत्तर नसतं. कुठला कालवा, कुठल्या बंदराला जोडलेला, ते आधी विचारायचं.

माणसांबद्दल. पहिल्या युद्धात बोटवाले दोन्हीकडून ओढले गेले, सैन्यात आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत. कारखान्यात आठवड्याला ठरलेला पगार, बोटीवर खेपेप्रमाणे पैसे. पोरंबाळं बोटीवरच राहणारी, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरची ही कुटुंबं. बाप गेला की सगळी बोट गेली. १९१७ नंतर सरकारने वाहतूक कामगार बटालियनचे सैनिक बोटींवर शिकायला पाठवले. शिवाय रॉयल इंजिनियर्सच्या अंतर्गत जलवाहतूक शाखेला फ्रान्सच्या कालव्यांसाठी आणि मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) नद्यांसाठी जाणती माणसं हवीच होती. मेसोपोटेमिया म्हटलं की आपल्या लोकांचा संबंध येतोच. कूतच्या वेढ्यात एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलेली फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. सुटकेची फौज वेळेत पोचली नाही याचं एक मोठं कारण म्हणजे तैग्रिस नदीवर पुरेशा बोटी नव्हत्या. जलवाहतूक हे मागच्या फळीचं किरकोळ काम समजलं की काय होतं, ते आपल्याच माणसांनी भोगलं.

दुसऱ्या युद्धात बायका आल्या, ते अगदी खरं. डॅफ्नी मार्च यांची स्वतःची ‘हेदर बेल’ नावाची बोट होती. त्या माल वाहायच्या आणि ‘किट’ गेफर्ड त्यांच्याबरोबर होत्या. या अनुभवातून सरकारी प्रशिक्षण योजना उभी राहिली. शिक्षिका, कलावंत, कचेरीतल्या मुली, बहुतेकींनी आधी बोट जवळून पाहिलीही नव्हती. तिघींच्या हाती एक जोडी. लंडनहून धातू-सिमेंट बर्मिंगहॅमला, तिथून कॉव्हेंट्रीच्या खाणींकडे जाऊन कोळसा भरायचा आणि परत दक्षिणेला. फेरी साधारण तीन आठवड्यांची. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘आयडब्ल्यू’ अशी ‘इनलँड वॉटरवेज’ची आद्याक्षरं. त्यांचा अर्थ थट्टेने ‘आयडल विमेन’, आळशी बायका, असा लावला गेला. मी स्वतः जानेवारीत लॉकची झडप उघडायची लोखंडी कळ फिरवली आहे. गोठलेल्या हातांनी ती एकदा निसटली तर मनगट मोडतं. असं दिवसाला वीस-पंचवीस वेळा करायचं, आणि मधल्या वेळात एकीने सायकलवर पुढे जाऊन पुढचं लॉक तयार ठेवायचं. संख्येने त्या थोड्याच होत्या, काही डझन. एवढ्यांनी मालाचा आकडा फार हलला नाही. पण रिकाम्या पडलेल्या जोड्या चालू ठेवण्याचा एक मार्ग त्यांनी दाखवला आणि तो मार्ग कंपन्यांना स्वतःहून सुचला नव्हता, हे लिहून ठेवायला हवं.

आता बॉम्ब. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा प्रांत.

कालवा फुटणं म्हणजे काय, ते नीरेकाठच्या माणसाला सांगायला नको. भरावात भगदाड पडलं की पाणी स्वतःच ते मोठं करत नेतं. पहिल्या पंधरा मिनिटांत हाताने बुजेल असं असतं, तासाभरात ट्रॅक्टर आत जाईल एवढं होतं. आपल्याकडे निदान वरचं दार बंद केलं की येणारं पाणी तुटतं. इथे लॉक ते लॉक जो सपाट टप्पा असतो तो सगळा त्या एका भगदाडातून रिकामा होतो. बर्मिंगहॅम शहरातला कालवा समुद्रसपाटीपासून ४५३ फुटांवर आहे आणि त्या पातळीवर टिप्टनपर्यंत मुख्य मार्गावर एकही लॉक नाही. शांततेत ही चैन आहे. युद्धात हेच सगळ्यात मोठं संकट. साधा हिशेब करा: एक मैल कालवा, सरासरी आठ-नऊ मीटर रुंद, सव्वा मीटर खोल, म्हणजे दीड कोटी लिटरच्या पुढे पाणी. असे मैलच्या मैल एका खड्ड्यातून कुणाच्या तरी तळघरात, कारखान्यात किंवा रुळांवर उतरणार.

यावरचा इलाज तुम्ही पाहिलेला आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आपण खाचांमध्ये बर्गे टाकतो, अगदी तेच. पुलाखाली कालवा अरुंद होतो, तिथे दोन्ही भिंतींत उभ्या खाचा असतात आणि जवळच फळ्या रचून ठेवलेल्या असतात. एकावर एक फळी टाकली की तेवढा भाग तोडला. सोपं वाटतं. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता एका गळतीवर गेलो होतो. फळ्यांच्या रचनेतली एक गायब होती आणि दुसरी फुगून खाचेत बसेना. दोन माणसं, वाहतं पाणी आणि न बसणारी फळी. त्या रात्री मला कळलं की वाहत्या पाण्यात बर्गा टाकणं आणि उभ्या पाण्यात टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाणी ओढ घेतं, फळी खाचेत तिरकी अडकते, मग ती खालीही जात नाही आणि वरही येत नाही.

युद्धात म्हणूनच नुसत्या फळ्यांवर न थांबता महत्त्वाच्या जागी जादा दारं बसवली. बर्मिंगहॅमच्या ओल्ड टर्न जंक्शनला पाण्याच्या मधोमध एक गोल बेट आहे. पर्यटकांना वाटतं बोटींसाठी चौकातलं वर्तुळ केलंय. ते युद्धकाळातलं आहे. जंक्शनच्या खालून वुल्व्हरहॅम्प्टनकडे जाणाऱ्या रेल्वेचा बोगदा जातो. वर बॉम्ब पडून कालव्याचा तळ फुटला असता तर सगळं पाणी बोगद्यात गेलं असतं आणि शहराचा मुख्य लोहमार्ग बुडाला असता. बेटामुळे पाण्याची वाट दोन अरुंद तुकड्यांत विभागली आणि तिथे दारं लावून बोगद्यावरचा भाग तोडता येऊ लागला. लंडनच्या किंग्ज क्रॉसला हाच प्रकार. तिथे रीजंट्स कालव्याच्या खालून रेल्वेचा गॅसवर्क्स बोगदा जातो, त्यासाठी तिथेही संरक्षक दारं बसवली होती. म्हणजे ज्या रेल्वेने धंदा खाल्ला, तिलाच वाचवायची जबाबदारी कालव्याच्या दारावरच्या माणसावर होती. हल्ल्याच्या रात्री भोंगा वाजल्यावर बाकीचे तळघरात जायचे. दार सांभाळणाऱ्याची जागा मात्र पाण्याच्या काठावर, वर उघड्यावर, अंधारात. दिवे बंद. ब्लॅकआउटमध्ये साधे पादचारीसुद्धा कालव्यात पडून बुडाले आहेत.

एवढंच असतं तर हल्ल्याआधी पाणी उतरवून ठेवलं असतं, प्रश्न मिटला. पण तेही करता येत नव्हतं, कारण कालवा हाच आगीवरचा साठा होता. २२ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बर्मिंगहॅमवर मोठा हल्ला झाला. शहराचं पाणी वेल्समधल्या एलान खोऱ्यातून येतं. त्या मार्गावरच्या मोठ्या जलवाहिन्या ब्रिस्टल रोडजवळ फुटल्या, नळ कोरडे पडले आणि शहरात शेकडो आगी लागलेल्या. अग्निशमन दलाने कालव्यात पंप टाकले. पुन्हा हिशेब करा: मिनिटाला ४,००० लिटर ओढणारे १० पंप ८ तास चालले तर १ कोटी ९२ लाख लिटर. म्हणजे एक मैलभर कालवा एका रात्रीत संपला. पातळी जास्त ठेवली तर फुटल्यावर विध्वंस, कमी ठेवली तर आगीला पाणी नाही आणि बोटी गाळात. ही पातळी कुठे ठेवायची, हा त्या वर्षांतला खरा निर्णय होता, आणि तो रोज संध्याकाळी घ्यावा लागत असणार. टोलच्या वहीत याचा एक पैसाही दिसत नाही. कालव्याने वाचवलेल्या रस्त्यांचा टनामागे टोल कोण देणार?

लष्करी उपयोगही झाला. केनेट अँड एव्हन हा तर ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कालवा, धंद्याच्या दृष्टीने जवळजवळ विसरलेला. १९४० मध्ये आक्रमणाची भीती होती तेव्हा तो रणगाडे अडवायचा खंदक ठरला आणि काठाने काँक्रीटचे बंकर उभे राहिले. ते अजूनही आहेत, त्यांच्यात आता गवत आणि वटवाघळं.

हवामानाबद्दल थोडक्यात. १९३९-४० चा हिवाळा अतिशय कडक होता, कालवे आठवडेच्या आठवडे गोठले. खेपेप्रमाणे पैसे मिळणाऱ्या कुटुंबांची तेवढे आठवडे कमाई बंद. त्यातल्या कित्येकांनी याच काळात काठावरची नोकरी धरली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

आणि देखभाल. शांततेत प्रत्येक कंपनीकडे ठरावीक मैलांवर एक माणूस असे, इथे त्याला लेंग्थ्समन म्हणत. आपला पाटकरीच. रोज आपला तुकडा पायी चालायचा. माझे वडील भरावाच्या पायथ्याला खेकड्यांची आणि घुशींची बिळं शोधत. इथे ससे, बिज्जू, चिचुंद्र्या. भरावाच्या बाहेरच्या अंगाला एखाद्या जागी गवत जास्तच हिरवं दिसलं की थांबायचं, चिकणमाती आणायची, टाचेने कालवून तिथे ठासायची. टोपलीभर मातीचं काम. युद्धात हाच माणूस आधी कमी झाला. चांगलं ओकचं लाकूड मिळेना, गाळ काढणं पुढे ढकललं, दारांना ठिगळं लावून वेळ मारून नेली. एका वर्षात त्यातलं काही दिसत नाही. सहा वर्षांनी दिसतं. तुम्ही अभ्यास करताय तर कंपन्यांच्या कागदांत मालाचे टन नंतर बघा, आधी देखभालीवरची माणसं मोजा. माझ्या मते कुठला कालवा वाचणार आणि कुठला मरणार, ते तिथेच ठरलं.

एका ठिकाणचं सांगतो. वेल्समधल्या लँगोलनचा कालवा रेल्वेच्या मालकीचा होता. १९४४ मध्ये त्या रेल्वेने कायदा करून आपले पावणेदोनशे मैलांच्या आसपासचे कालवे वाहतुकीसाठी सोडून दिले, त्यात हाही होता. बोटी बंद झाल्या, पण पाणी आत तसंच उभं राहिलं, कारण खालच्या लोकांना ते लागत होतं. ७ सप्टेंबर १९४५ ला, युद्ध संपून काही दिवसच झाले असताना, सन बँक हॉल्टजवळ पहाटे भराव फुटला. पाण्याने खालच्या रेल्वेमार्गाची भर वाहून नेली, रूळ अधांतरी लोंबकळत राहिले आणि अंधारात आलेली टपालाची गाडी त्या खड्ड्यात कोसळली. इंजिनचालक दगावला. त्या पट्ट्यावर त्या रात्री ना बॉम्ब पडला होता ना एखादी बोट गेली होती. मी ती जागा पाहून आलोय. उतार तीव्र आहे, वरून झिरपणारं पाणी आजही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

१ जानेवारी १९४८ ला बहुतेक कालवा कंपन्या राष्ट्रीयीकरणात गेल्या. भागधारकांना सरकारी रोखे मिळाले आणि कंपन्यांच्या पाट्या उतरल्या. लँगोलनचा भराव मात्र त्याआधीच बांधून काढला होता. पुढे त्याच कालव्याच्या पाण्यासाठी हर्ल्स्टनला जलाशय झाला, आणि ते पाणी आजही त्या वाटेने येतं.